बोटांवर मोजणाऱ्या मुलांचे हात बांधू नका

फोंडेकर: पुतणी तिसरीत आहे. बोटांवर मोजलं की वर्गात टीचर हात मागे घ्यायला लावतात. मला हे अजिबात पटत नाही. तीच पोर तबल्याला जाते. तीनतालात म्हणजे 16 मात्रांच्या (ठोक्यांच्या) तालात 1, 5, 13 वर टाळी, 9 वर खाली (टाळीऐवजी रिकामा हात), मधल्या मात्रा बोटांवर. हात मांडीवरून उचलू नकोस म्हटलं की तिची तिहाई (तीनदा वाजवायचा तुकडा) समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, येत नाही, हात मोकळा सोडला की बिनचूक येते. 1963 साली हेल्ड आणि हाइन या संशोधकांनी मांजराची दोन पिल्लं एकाच फिरत्या दांडीला जोडली. एक स्वतः चालायचं, दुसरं पाळण्यात बसून फिरायचं. दोघांना दिसायचं तेच, तरी पाळण्यातल्याला खाली ठेवताना पंजे पुढे करायचं सुचेना. नुसतं पाहून जग कळत नाही.

मडगावचा मास्तर: मी गणितच शिकवतो. तिसरीतलं पोर सात आठे छप्पनला बोटं शोधत बसलं तर उदाहरण अर्ध्यात सुटतं. पाढे पाठच हवेत. आणि शरीर जवळजवळ लुळं पडलेल्या भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंगचं काय? 1974 मध्ये कृष्णविवरांच्या प्रारणाचा सिद्धांत मांडला तेव्हा ते चाकाच्या खुर्चीत होते.

फोंडेकर: आजार कळला तेव्हा ते 21 वर्षांचे होते. त्याआधी ऑक्सफर्डला नावेचं सुकाणू धरायचे. हात चालेनासे झाल्यावर आकृत्यांतून विचार करू लागले. म्हणजे शरीर बदललं तशी विचारांची रीतही बदललीच ना?

म्हापश्याची: जरा सावकाश. दातांत पेन धरून ओठ हसरे ठेवले की व्यंगचित्रं जास्त गमतीची वाटतात, असं 1988 च्या प्रयोगात दिसलं होतं. 2016 मध्ये 17 प्रयोगशाळांनी तो पुन्हा केला, परिणाम काही मिळाला नाही. शरीर आणि विचारांच्या या विषयात असं बरंच ऐकीव खपतं. बोटांबद्दल मात्र मी फोंडेकरांच्या बाजूने. जन्मांध माणसंही बोलताना हातवारे करतात, समोरचाही अंध असला तरी. ते हात दुसऱ्याला दाखवण्यासाठी नसतात.

लयवेडा: आपल्या गोव्याच्या तबलावादक खाप्रूमामा पर्वतकरांना विसरलात? दोन हात, दोन पाय, प्रत्येकात वेगळा ताल, असं जुने लोक सांगतात. एवढा हिशोब नुसत्या डोक्यात मावेल?

मडगावचा मास्तर: मामांची साधना अख्ख्या आयुष्याची. माझ्या वर्गात तासिका संपते. हात बांधणं चूक, ते मान्य. पण चौथीत भागाकार अडला की पालक माझ्याकडेच येतात.

फोंडेकर: मग पाढेच टाळी धरून म्हणून घ्या. आम्ही घरी तेच करतो. सातापर्यंत पोचलोय, नवाचा अजून अडतो.