ओली पुस्तकं: पंखा की फ्रीझर?

मुठाकाठ: खडकवासला धरणातून पाणी सोडलं की पुण्यात नदीकाठी धाकधूक सुरू होते. जुलै २०२४ मध्ये एकतानगरीत घराघरांत पाणी शिरलं ते सगळ्यांनी पाहिलंय. माझं मत: पावसाळ्यात भिजलेलं पुस्तक लगेच वाळवायच्या भानगडीत पडू नका, आधी गोठवा. ओल्या कागदावर दोन-तीन दिवसांत बुरशी धरते आणि आपल्याकडे जुलैत पंखा नुसती दमट हवाच फिरवतो. उणे १८ अंशाला बुरशी थांबते (मरत नाही). मग पावसाळा सरल्यावर चार-चार काढून वाळवा.

रद्दीपेठ: उंटावरून शेळ्या हाकू नका. घरच्या फ्रीझरमध्ये मटार सरकवून दहा पुस्तकं मावतील. ज्याची चारशे भिजली त्याने काय करायचं? अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत परत मिळतील ती टाकून द्या, बाकीची पंख्याखाली.

टीपकागद: मीही पंख्याच्या बाजूचा, पण वारा थेट पुस्तकावर नको, पानं चुरमुरतात. हवा खेळती राहिली की पुरे. एसी असेल तर ड्राय मोडवर. चिंब पुस्तक उघडायचंच नाही, बंद ठेवूनच निथळू द्यायचं. मग थोड्या-थोड्या पानांनंतर टीपकागद घालायचा आणि तो ओला झाला की बदलत राहायचं. छापील वर्तमानपत्र नको, त्याची शाई पानांना लागते. पान हाताला कोरडं पण किंचित गार लागलं की पुस्तक मिटून वजनाखाली ठेवायचं. ही वेळ चुकली की ते कायमचं फुगतं. दिवाळी अंकांतली गुळगुळीत पानं मात्र वाळताना चिकटून वीट होतात. तेवढ्यापुरता फ्रीझर मान्य.

मुठाकाठ: बघा, आलात ना! १९६६ च्या पुरानंतर इटलीत फ्लॉरेन्समध्ये पुस्तकं तंबाखूच्या भट्ट्यांत वाळवावी लागली होती. १९७२ मध्ये अमेरिकेत कॉर्निंगच्या काचसंग्रहालयात पूर शिरला, तेव्हा ग्रंथालयातली पुस्तकं गोठवली आणि वाळवायला सवड मिळाली.

मोडीवाचक: छापील पुस्तकांचं काय ते करा. घरोघरी मोडी कागद पडलेत त्यांचं बोला. काजळीची शाई डिंकात कालवलेली असते, पाण्याने डिंक सुटतो. वर टीपकागद दाबलात तर अक्षर त्यालाच चिकटून येईल. दाबू नका, पुसू नका. आणि नंतर कुणी लॅमिनेशन सुचवलं तर त्याला दारातूनच परत पाठवा. भारत इतिहास संशोधक मंडळात किंवा भांडारकर संस्थेत आधी विचारा.

रद्दीपेठ: मोबाइलवर फोटो काढायचा, विषय संपला. मजकुराशी मतलब.

मोडीवाचक: कागद उजेडात धरला की जलचिन्ह (कागद बनवतानाच उठवलेली खूण) दिसतं, त्यावरून बनावट कागद पकडता येतो. तुमच्या फोटोत ते दिसेल?

टीपकागद: फ्रीझरवाल्यांना एक प्रश्न. पाणी शिरलं की आधी वीज जाते. मग?

मुठाकाठ: कोथरूडला मावशी आहे. तिच्या फ्रीझरवर आत्ताच हक्क सांगून ठेवलाय.

रद्दीपेठ: मावशी काय म्हणाली?

मुठाकाठ: गटाराच्या पाण्यात भिजलेलं काही घरात आणायचं नाही म्हणाली. दोन पिशव्यांत घट्ट बांधून आणतो म्हटलं, तर "बघू" म्हणाली.