लिंक नव्हे, पातळ मजकूर नडतो

'अफिलिएट लिंक (जिच्यावरून खरेदी झाली की साइटवाल्याला कमिशन मिळतं ती) दिसली की गूगल साइट खाली ढकलतं' हे वर दोघांनी लिहिलंय, ते मला पटत नाही. लिंकच्या कोडमध्ये 'स्पॉन्सर्ड' (पैशासाठी दिलेली) किंवा 'नोफॉलो' (क्रमवारीत धरू नका) अशी खूण लावली की गूगलची हरकत नसते. आपटतात त्या कंपनीचं माहितीपत्रक फिरवून लिहिणाऱ्या साइट्स. एप्रिल २०२१ पासून वस्तूंच्या परीक्षणांसाठी गूगलच्या क्रमवारीत जे वेगळे बदल, म्हणजे अपडेट, आले त्यांचा रोख हाच होता: वस्तू हाताळल्याचा पुरावा दाखवा, स्वतःचे फोटो, मोजमापं, उणिवाही. इथे कुणी न सांगितलेली गोष्ट म्हणजे ते आधी फक्त इंग्रजीपुरते होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये अकरा भाषांपर्यंत गेले, त्यात मराठी नव्हती, हिंदीसुद्धा नव्हती. म्हणून इंग्रजी पानं पडली आणि मराठी तशीच राहिली, तर तेव्हा त्यात नवल नव्हतं. पण पुढे त्यावर विसंबू नका, कोअर अपडेट, म्हणजे गूगलच्या एकूण क्रमवारीतले मोठे बदल, सगळ्या भाषांना लागतात.

माझी मिक्सरवरची इंग्रजी साइट अशीच झोपली. चूक माझीच. सोळापैकी तेरा मिक्सर मी डोळ्यांनीही पाहिले नव्हते. ती तेरा पानं उडवली. उरलेल्या तीन मिक्सरांत वाटीभर शेंगदाण्यांचा कूट केला, किती सेकंदांत त्याला तेल सुटतं ते लिहिलं, भांड्याच्या झिजलेल्या रबराचा फोटो टाकला. गूगलवरून किती क्लिक येतात ते दाखवणाऱ्या सर्च कन्सोलवरची रेघ वर यायला आठ महिने गेले, आणि पूर्वीइतके क्लिक अजून नाहीत. कमिशन मात्र जवळपास तेवढंच येतं.