स्क्वॅटमध्ये खुबा दुखतो : बंद करायचं, की रेटायचं?

अमळनेरी_बारबेल:
स्क्वॅट, म्हणजे खांद्यावर बार घेऊन उठाबशा काढताना खुबा दुखला तर काय करायचं, यावरून आमच्या जिममध्ये दोन पार्ट्या पडल्यात. एक म्हणते, दुखलं तरी पूर्ण खाली बसा, आपोआप मोकळं होतं. दुसरी म्हणते, स्क्वॅट सोडा, लेग प्रेस (मशीनवर बसून पायांनी वजन ढकलणं) मारा. माझ्या मते दोघंही घाई करतात. दुखतं नेमकं कुठे, हे आधी कोणी विचारतच नाही.

खाली बसताना जांघेत, पुढच्या बाजूला चिमटा बसतो का? मग मांडीच्या हाडाची मान खुब्याच्या खोबणीच्या काठाला टेकत असण्याची शक्यता मोठी. खोबणीची खोली आणि दिशा प्रत्येकाची वेगळी असते, स्ट्रेचिंग करून हाड बदलत नाही. पाय थोडे फाकवा, चवडे बाहेर वळवा आणि चिमटा बसायच्या आधी थांबा. मांडीचा खुब्याजवळचा भाग गुडघ्याच्या खाली गेलाच पाहिजे हा पॉवरलिफ्टिंग स्पर्धेचा नियम आहे, आणि आपल्यातलं कोण स्पर्धेला चाललंय?

खुब्याच्या बाहेरच्या उंचवट्यावर दुखत असेल, त्या कुशीवर झोपवत नसेल, तर ते बहुधा बाजूच्या स्नायूच्या कंडरेचं (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीचं) दुखणं. इथे पायावर पाय टाकून ताणत बसलात तर वाढेल. मागे कुल्ल्यात खोलवर दुखून मुंग्या गुडघ्याखाली उतरत असतील, तर आधी कंबर तपासा. आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दोन्ही बाजूंना सारखंच ठणकलं, तर ती नुसती मेहनत. त्याला औषध नको.

तालमीतला_नाना:
काय भो, एवढा अभ्यास! आमच्या वस्तादांनी कधी कोन मोजला नाही. बैठका मारायचो, दूध प्यायचो, झोपायचो. आजची पोरं सकाळपासून खुर्चीवर नाहीतर मोटरसायकलवर. जेवायला टेबल, संडासला कमोड. उकिडवं बसणं सुटलं आणि संध्याकाळी एकदम खांद्यावर शंभर किलो! खुबा बोंबलणार नाही तर काय? हाडाला दोष देऊ नका. महिनाभर रोज उकिडवे बसा, मग बोला.

अमळनेरी_बारबेल:
नाना, तुमची बैठकच माझी साक्षीदार आहे. बैठकीत टाच उचलते, गुडघा पुढे जातो, धड सरळ राहतं, म्हणून कंबरेतून कमी वाकावं लागतं. मी पोरांना टाचेखाली पातळ प्लेट ठेवा म्हणतो, तेव्हा मात्र तुम्हीच हसता. आणि जांघेत चिमटा बसणाऱ्याला महिनाभर उकिडवं बसवलं तर तो चिमटा रोज बसेल.

रावेरची_केळी:
आमच्याकडे मजूर केळीचे घड खांद्यावर घेऊन चिखलातून चालतो. त्याला कोणी विचारत नाही की पाय किती फाकवू. हे सगळे पोट भरलेल्यांचे चोचले.

फिजिओ_ताई_जळगाव:
दादा, तो मजूर दुखणं अंगावर काढतो. कंबर पार गेली की मग येतो आमच्याकडे. त्याला दुखत नाही असं समजू नका.

आता लेग प्रेसवाल्या पार्टीचं बोलू. गुडघे छातीपर्यंत आणून लेग प्रेस मारलात तर खुबा स्क्वॅटइतकाच दुमडतो. वर पाठीचा खालचा भाग गादीवरून उचलला जातो, ते वेगळंच. तेव्हा 'स्क्वॅट बंद, लेग प्रेस चालू' हा काही उपाय नाही.

पण अमळनेरीदादांचंही पूर्ण पटत नाही. जागा सांगून घरबसल्या निदान होत नसतं. जांघेतलं दुखणं रात्रीही थांबत नसेल, चालताना पाय ओढावा लागत असेल, तर प्लेटा-बिटा राहू द्या, तपासणी करा. मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटतो असा एक आजार आहे. दारू खूप असेल किंवा दम्या-त्वचेसाठी स्टिरॉइडच्या गोळ्या बरेच दिवस घेतल्या असतील तर धोका वाढतो. नंदुरबारकडच्या वाचकांनी विशेष ध्यान द्यावं : सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) असलेल्यांत हा आजार तरुणपणीच दिसतो. सुरुवातीला एक्स-रे साफ येऊ शकतो, एमआरआयमध्ये सापडतो. तसंच लघवीवरचा ताबा सुटला किंवा बसताना टेकणारी जागा बधिर झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

तालमीतला_नाना:
ताई, तुम्ही तर घाबरवूनच टाकलं. शंभरातल्या नव्वदांना फक्त वजन कमी करायची गरज असते. बारवरचं म्हणतो, पोटाचं नाही. (पोटाचंही.)

फिजिओ_ताई_जळगाव:
आकडा तुमचा, पण रोख बरोबर आहे. वजन निम्म्यावर आणा, सावकाश खाली जा, खुर्ची मागे ठेवून तिला टेकेपर्यंतच बसा. व्यायाम करताना दुखणं थोडं असेल आणि दुसऱ्या सकाळपर्यंत उतरत असेल, तर चालू ठेवा. सकाळी जास्त असेल, तर कालचं जास्त झालं.

भरती_धुळे:
माझं पोलीस भरतीचं ग्राउंड जवळ आलंय. उजव्या जांघेत स्क्वॅटला टोचतं, १६०० मीटर पळताना काही नाही. काय करू?

तालमीतला_नाना:
बैठका मार.

अमळनेरी_बारबेल:
नको. खोल स्क्वॅट ग्राउंड होईपर्यंत थांबव. १६०० ला २० मार्क आहेत, १०० मीटर आणि गोळाफेकीला १५-१५. स्क्वॅटला शून्य.

फिजिओ_ताई_जळगाव:
गोळ्यासाठी पायात ताकद लागतेच, तेव्हा अर्ध्या खोलीचे स्क्वॅट आणि ब्रिज (उताणं झोपून कंबर वर उचलणं) चालू ठेव. दुखणं दाबायला गोळी खाऊन मात्र पळू नकोस. पळताना टोचायला लागलं, तर ग्राउंडची वाट न बघता दाखवून घे.