धर्म, अर्थकारण आणि पेशव्यांचा रमणा

प्रश्न: पेशवे श्रावणात पर्वतीच्या पायथ्याशी ब्राह्मणांना दक्षिणा वाटत. त्या रमण्याच्या, म्हणजे दक्षिणा वाटण्याच्या आवाराच्या, वाटेने जाताना मनात येते की, धर्मामुळे संस्था घडतात की संस्थांच्या सोयीने धर्म वळतो?

प्रतिसाद १: जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर यांनी १९०५ च्या सुमारास ख्रिस्ती धर्मातल्या प्रॉटेस्टंट पंथाच्या नीतीचा भांडवलशाहीशी संबंध जोडला; मला मात्र त्या पंथाच्या बायबल स्वतः वाचण्याच्या आग्रहातून वाढलेली साक्षरता अधिक महत्त्वाची वाटते.

प्रतिसाद २: दक्षिणेचेच पाहा. १८१८ नंतर इंग्रजांनी ती पुरती बंद केली नाही. त्याच निधीतून १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली, तिचेच पुढे डेक्कन कॉलेज झाले, आणि १८४९ मध्ये सुधारकांनी त्यातला पैसा मराठी ग्रंथांसाठी मागितला, तेव्हा सनातनी खवळले.

प्रश्नकर्ता: म्हणजे भांडण दानाचे नव्हते, ते कोणाला मिळावे याचे होते. हे माझ्या ध्यानात आले नव्हते.