'रिबेका'चा पूर्वार्ध संथ आहे का?

प्रश्न: डाफ्ने द्यू मोरिए यांची १९३८ सालची 'रिबेका' ही कादंबरी नुकतीच वाचली. निवेदिकेचे नाव अखेरपर्यंत कळत नाही, आणि तिच्या नवऱ्याची पहिली, मृत पत्नी रिबेका हिचा 'आर' मात्र रुमालावर, पुस्तकाच्या पानावर भेटत राहतो. तरीही पूर्वार्ध मला रेंगाळलेला वाटला. इतरांचा अनुभव काय आहे?

उत्तर १: मला तो संथपणा आवश्यक वाटतो. घराची कारभारीण मिसेस डॅनव्हर्स रिबेकाची खोली आणि तिचे कपडे दाखवते, तो प्रसंग त्याशिवाय इतका अंगावर आला नसता.

उत्तर २: वेग हवा असेल तर ब्रॅम स्टोकर यांची १८९७ सालची 'ड्रॅक्युला' ही कादंबरी घ्यावी. पहिली चार प्रकरणे म्हणजे काउंट ड्रॅक्युलाच्या किल्ल्यात गेलेला तरुण वकील हार्कर याची रोजनिशी. त्यात काउंट भिंतीवरून पालीसारखा खाली उतरतो, ते वाचून मी दिवा मालवला नव्हता. शेवटचा पाठलाग मात्र (माझ्या मते) उगाच लांबला आहे.

प्रश्नकर्ता: खोलीचा प्रसंग पुन्हा वाचला. पहिले मत मागे घेतो, पण अर्धेच.