डे सेंटर बंद करायचा प्रस्ताव, कन्सल्टेशन जानेवारीअखेर संपतंय – कृपया वाचा

प्रेषक: वर्षा

मंडळी नमस्कार,

आपल्यातल्या बऱ्याच जणांना माहीत आहे की माझ्या सासूबाई आठवड्यातून तीन दिवस इथे लंडनमध्ये काउन्सिलच्या, म्हणजे स्थानिक पालिकेच्या, डे सेंटरला जातात, तिथे दिवसभर त्यांना सांभाळतात. मागच्या आठवड्यात पत्र आलं, सेंटर पुढच्या आर्थिक वर्षात बंद करायचा प्रस्ताव आहे आणि त्याऐवजी प्रत्येकाला डायरेक्ट पेमेंट देणार, म्हणजे पैसे खात्यात येणार आणि पुढची सोय तुमची तुम्ही बघायची.

सासूबाईंना डिमेन्शिया आहे. इंग्लिश चांगलं येत होतं त्यांना, आता जवळजवळ गेलंय, मराठी आणि थोडं हिंदी एवढंच राहिलंय. सेंटरमध्ये दोन केअरर गुजराती आहेत, एक पंजाबी, त्यामुळे बोलणं होतं. सकाळी मिनीबस दारात येते, मागची लिफ्ट खाली येते, ड्रायव्हर स्वतः उतरून हात पुढे करतो आणि ज्या बाई माझ्याकडून आंघोळ करून घ्यायला अर्धा अर्धा तास तयार होत नाहीत त्या निमूटपणे बसमध्ये चढतात. दुपारी गरम शाकाहारी जेवण. काय खाल्लं, किती खाल्लं, औषध घेतलं का, सगळं एका वहीत लिहून त्यांच्या पिशवीतून घरी येतं. एवढं तपशिलात लिहितेय कारण डायरेक्ट पेमेंटमधून मी यातलं काय विकत घेऊ ते मला कळत नाहीये. फार तर एक केअरर दोन तास घरी येईल. बस, चार माणसांची सोबत, सगळ्यांबरोबर बसून जेवण, हे एकट्याच्या पैशात कुठे मिळतं? आणि माझी नोकरी त्या तीन दिवसांवरच उभी आहे.

कन्सल्टेशनचा, म्हणजे निर्णयाआधी लोकांची मतं मागवतात त्याचा, फॉर्म ऑनलाइन आहे. त्यात एक प्रश्न असा आहे की सेवा जास्त लवचिक आणि घराजवळ असाव्यात असं तुम्हाला वाटतं का. याला नाही कोण म्हणेल? पण हो म्हटलं की ते सेंटर बंद करायला होकार म्हणून मोजतील अशी मला भीती आहे. कोणी याआधी असा फॉर्म भरलाय का? काय लिहायचं?

वर्षा

प्रेषक: सुनील

वर्षाताई, वाचून फार वाईट वाटलं. पण मला मोकळेपणाने लिहायचंय. ही कन्सल्टेशनं कागदोपत्री असतात, निर्णय आधीच झालेला असतो. काउन्सिलांकडे पैसाच नाहीये. बर्मिंगहॅमने ५ सप्टेंबर २०२३ ला सेक्शन ११४ ची नोटीस काढली, म्हणजे आमचा खर्च आता भागत नाही असं जाहीर केलं, आणि पुढच्या एप्रिलला तिथल्या लोकांचा काउन्सिल टॅक्स (घरपट्टीसारखा कर) ९.९९ टक्क्यांनी वाढला. आपल्याकडेही दर वर्षी वाढतोच आहे आणि मिळणाऱ्या गोष्टी कमी होतायत.

माझं म्हणणं, फॉर्म भरण्यात वेळ घालवण्यापेक्षा मंडळाने हॉल भाड्याने घेऊन आठवड्यातून एक दिवस आपल्याच ज्येष्ठांसाठी काहीतरी सुरू करावं. मी वर्गणी द्यायला तयार आहे.

सुनील

प्रेषक: मेधा

सुनील, वर्षा आणि सगळेच,

मी रिटायर होईपर्यंत एका बरोच्या, म्हणजे लंडनमधल्या एका भागाच्या काउन्सिलच्या, फायनान्समध्ये होते (वर्षाची बरो नाही), या प्रस्तावांचे कागद कसे तयार होतात ते आतून बघितलंय, म्हणून जरा लांब लिहिते, रागावू नका.

आधी पैशाचं. सुनील म्हणतो ते खरं आहे, तिजोरीत खडखडाट आहे. नॅशनल ऑडिट ऑफिसने २०१८ मध्ये हिशोब मांडला होता, २०१०-११ ते २०१७-१८ मध्ये सरकारकडून काउन्सिलांना मिळणारा निधी महागाई धरून ४९.१ टक्क्यांनी घटला. टॅक्स मनाला येईल तेवढा वाढवता येत नाही, सोशल केअर (वृद्ध, अपंग, आजारी माणसांची काळजी) बघणाऱ्या काउन्सिलांना हल्लीच्या वर्षांत ४.९९ टक्क्यांची मर्यादा आहे, त्यातले २ टक्के अॅडल्ट सोशल केअरसाठीच, त्याच्यावर जायचं तर सार्वमत घ्या नाहीतर सरकारकडून खास सूट मिळवा. बर्मिंगहॅमला तशी सूट मिळाली होती.

पण लंडनमध्ये आता सगळ्यात जास्त पैसा कुठे वाहून जातोय माहितीये? टेम्पररी अकोमोडेशनमध्ये. बेघर झालेल्या, मुलंबाळं असलेल्या कुटुंबाला छप्पर देणं कायद्याने बंधनकारक आहे आणि ते असायलाच पाहिजे, पण काउन्सिलकडे घरं नाहीत म्हणून बी अँड बी (छोटी हॉटेलं) नाहीतर रात्रीच्या दराने फ्लॅट घ्यावे लागतात. त्या भाड्यापोटी सरकार काउन्सिलला जो परतावा देतं तो अजूनही जानेवारी २०११ च्या लोकल हाउसिंग अलाउन्सच्या (भाड्याच्या मदतीसाठी सरकार धरतं त्या दराच्या) ९० टक्क्यांवर अडकवून ठेवलाय. २०११ चं भाडं आठवून बघा आणि आजचं बघा, मधला सगळा फरक काउन्सिलने भरायचा. लंडन काउन्सिल्स या बरोंच्या संघटनेचा २०२४ चा अंदाज होता की सगळ्या बरो मिळून रोज ४० लाख पाउंड यावर खर्च करतात. रोज! आता हे पैसे आणायचे कुठून, तर ज्याचं नाव कायद्यात लिहिलेलं नाही त्याला आधी कात्री लागते. डे सेंटरचं नाव कुठल्याच कायद्यात नाही. वर्षाच्या सासूबाईंची मिनीबस बंद करायची वेळ का आली त्याचं उत्तर मला विचाराल तर इथे आहे, त्या सेंटरवर कोणी नाराज आहे म्हणून नाही.

आता दुसरी बाजू, आणि हीच आपल्या लोकांना कोणी सांगत नाही. डे सेंटर कायद्यात नसलं तरी सासूबाईंची गरज कायद्यात आहे. केअर अॅक्ट २०१४. त्याच्या सेक्शन ९ खाली त्यांचं असेसमेंट करणं, म्हणजे काय मदत लागते ते तपासणं, काउन्सिलवर बंधनकारक आहे, सेक्शन १० खाली वर्षाचं, घरी सांभाळणारी केअरर म्हणून, वेगळं असेसमेंट. गरज पात्रतेच्या निकषात बसली की ती भागवावीच लागते, बजेट संपलं हे उत्तर चालत नाही, सेक्शन ११४ निघालं तरी हे बंधन सुटत नाही. त्यांच्याकडून पैसे घेऊ शकतात, २३,२५० पाउंडांच्या वर बचत असेल तर पूर्ण खर्चही घेतात (घरीच राहणाऱ्याच्या बाबतीत राहतं घर त्यात धरत नाहीत, हे लक्षात ठेवा, कितीतरी लोक या भीतीनेच अर्ज करत नाहीत), पण असेसमेंट नाकारता येत नाही.

म्हणून वर्षा, निर्णयाची वाट न बघता आत्ताच दोन्ही असेसमेंट मागून घे. फोनवर नको, ईमेलने, तारीख राहते. तुझ्या असेसमेंटमध्ये नोकरीचा उल्लेख यायलाच पाहिजे, केअररला काम करायचंय की नाही हे बघणं त्यांना त्या सेक्शननेच सांगितलंय. आणि केअर प्लॅनमध्ये "डे सेंटर, तीन दिवस" एवढंच लिहिलेलं असेल तर ते बदलून घे. सोबत, मराठी-हिंदी समजणारं माणूस, शाकाहारी गरम जेवण, बसमध्ये चढवून नेणं-आणणं, तुला कामाला जाता येणं, अशा गरजा एकेक करून लिहून घे. सेंटर बंद झालं तर डायरेक्ट पेमेंटची रक्कम या सगळ्या गरजा भागतील एवढी असावी लागते, आणि तो हिशोब मांडला की पुष्कळदा सेंटर चालवणंच स्वस्त पडतं. मी अशी आकडेमोड टेबलावर बसून केलेली आहे.

आता कन्सल्टेशन. सुनील, निर्णय आधीच झालेला असतो असं तू म्हणतोस, पण तसं असेल तर ते बेकायदेशीर आहे, आणि हा नियम आपल्या ब्रेंट बरोमधूनच आलाय. १९८५ ची केस, ब्रेंट काउन्सिल शाळा बंद करायला निघाली होती, त्यात कोर्टाने चार अटी मान्य केल्या: प्रस्ताव अजून घडत असतानाच विचारायचं, कारणं पुरेशी सांगायची, उत्तराला पुरेसा वेळ द्यायचा आणि आलेल्या उत्तरांचा प्रामाणिकपणे विचार करायचा. गनिंग प्रिन्सिपल्स म्हणतात त्यांना, आजही प्रत्येक काउन्सिलचा वकील प्रस्ताव त्यावर तपासून बघतो. मग हॅरिंगे या दुसऱ्या बरोची केस. २०१३ मध्ये सरकारने काउन्सिल टॅक्स बेनिफिट बंद करून प्रत्येक काउन्सिलला आपापली योजना करायला लावली, पैसे कमी दिले, आणि हॅरिंगेने लोकांना एकच पर्याय दाखवून मतं मागवली. सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये सांगितलं की हे कन्सल्टेशन बेकायदा, कारण टॅक्स थोडा वाढवणं, दुसरीकडे काटछाट करणं, शिलकीतून भरणं असे दुसरेही रस्ते होते हे लोकांना सांगितलंच नाही. तेव्हा फॉर्मवर पहिला प्रश्न आपण उलटा विचारायचा, सेंटर चालू ठेवायचे कुठले पर्याय तपासले आणि ते का सोडले?

तो लवचिकपणाचा प्रश्न आहे ना, त्यावर हो-नाहीची खूण करायची आणि खालच्या मोकळ्या चौकटीत स्पष्ट लिहायचं की हे उत्तर म्हणजे सेंटर बंद करायला संमती नाही. मोकळ्या चौकटी वाचल्या जातात. इक्वॅलिटी अॅक्ट २०१० च्या सेक्शन १४९ खाली वय, अपंगत्व, वंश या बाबतीत कोणावर काय परिणाम होईल त्याचा विचार करणं बंधनकारक आहे आणि त्याचा रिपोर्ट कॅबिनेटच्या, म्हणजे काउन्सिलचे निर्णय घेणाऱ्या काउन्सिलरांच्या गटाच्या, कागदांना जोडतात. "सेंटर फार चांगलं आहे, बंद करू नका" असं शंभर जणांनी लिहिलं तर रिपोर्टात एक ओळ येते. पण वर्षाने वर लिहिलंय ना, बस, वही, भाषा, जेवण, तसं लिहिलं तर अधिकाऱ्याला त्याचं उत्तर द्यावं लागतं. कॉपी-पेस्ट करू नका, एकसारखी पत्रं एकत्र मोजतात.

आणि वेळ. आपण एप्रिलमध्ये टॅक्सचं बिल आलं की या ईमेल लिस्टवर चिडतो. बजेटचा मसुदा दिवाळीनंतर कधीतरी कॅबिनेटपुढे येतो, फेब्रुवारीत कॅबिनेट, मग फुल काउन्सिल (सगळ्या काउन्सिलरांची सभा), आणि ११ मार्चच्या आत टॅक्स ठरवायलाच लागतो, कायदाच आहे. म्हणजे जे काही करायचं ते नोव्हेंबर ते जानेवारी. कॅबिनेटचे कागद मीटिंगच्या आधी पाच पूर्ण कामाचे दिवस वेबसाइटवर येतात, मी वाचून सांगेन.

कोर्टात बघून घेऊ असं मात्र कोणी डोक्यात ठेवू नका. २०११ मध्ये ब्रेंटने बारापैकी सहा लायब्ररी बंद केल्या, नीसडनची, क्रिकलवुडची, प्रेस्टनची, केन्सल राइजची, जिचं उद्घाटन १९०० मध्ये मार्क ट्वेनने केलं होतं. लोक हायकोर्टात गेले, अपील कोर्टात गेले, दोन्हीकडे हरले. पुढे काही ठिकाणी स्थानिक लोकांनी स्वतः लायब्ररी चालवायला घेतल्या, त्यांचं मला फार कौतुक आहे, पण लायब्ररी स्वयंसेवक चालवू शकतात, डिमेन्शियाच्या माणसाला टॉयलेटला नेणं, हॉइस्टने, म्हणजे यंत्राने, उचलणं, वेळेवर औषध देणं हे महिन्यातून एकदा येणाऱ्या स्वयंसेवकाचं काम नाही. म्हणून सुनील, हॉलची कल्पना मला आवडली, गाणी, गप्पा, चहा यासाठी जरूर करू, पण ती सेंटरच्या जागी नको. आपण सुरू केलं की लगेच कागदात लिहितील की समाजाने पर्यायी सोय केली आहे.

मेधा

प्रेषक: दत्तात्रय

मेधाताई, उपयोगी माहिती दिलीत. माझ्या पत्नीला चार वर्षांपासून डिमेन्शिया आहे, घरी आम्ही दोघंच. अटेंडन्स अलाउन्स (मदत लागणाऱ्या ज्येष्ठांना मिळणारा सरकारी भत्ता) मिळतो. डे सेंटरसाठी कधी विचारलं नाही, वाटलं घर विकायला लावतील. काउन्सिल टॅक्समध्ये काही सवलत असते असं कोणीतरी म्हणालं होतं.

प्रेषक: ओंकार

सगळ्यांना नमस्कार, मी नवीन आहे लिस्टवर. स्किल्ड वर्कर व्हिसावर आलोय, पासपोर्ट भारतीय. वर्षाताईंच्याच बरोत राहतो. माझा फॉर्म धरतील का? आणि व्हिसावर "नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स" लिहिलंय, म्हणजे सरकारी मदत घेता येत नाही, अशा गोष्टीत पडलो तर काही त्रास नाही ना होणार?

प्रेषक: मेधा

दत्ताकाका, घराला कोणी हात लावणार नाही, वहिनी घरीच आहेत ना. आणि टॅक्सचं आजच्या आज करा. डॉक्टरांनी डिमेन्शियाचं सर्टिफिकेट दिलं आणि अटेंडन्स अलाउन्स चालू असेल तर काउन्सिल टॅक्ससाठी वहिनींना मोजत नाहीत, मग घरात तुम्ही एकटेच धरले जाता आणि २५ टक्के सूट मिळते. सिव्हियर मेंटल इम्पेअरमेंट असं त्या फॉर्मवर लिहिलेलं असतं, शब्द वाचून दचकू नका. मागच्या वर्षांचीही मागा, निदान झाल्याची आणि अलाउन्स सुरू झाल्याची तारीख देऊन. कितीतरी घरांत हे पैसे तसेच पडून आहेत.

ओंकार, फॉर्म बिनधास्त भर. फॉर्मवर मत मांडणं म्हणजे पब्लिक फंड्स घेणं नाही, व्हिसाला काहीही होत नाही. तू तिथे राहतोस, टॅक्स भरतोस, तुझं मत धरतात. आणि त्याहून महत्त्वाचं, भारत कॉमनवेल्थमध्ये आहे, त्यामुळे भारतीय पासपोर्टवर, रीतसर व्हिसा असला की, इथल्या निवडणुकीत मतदानसुद्धा करता येतं. इलेक्टोरल रजिस्टरवर (मतदार यादीत) नाव घाल, ऑनलाइन होतं, मतदानाच्या दिवशी फोटो आयडी म्हणून तुझा पासपोर्ट चालतो. तुझ्याबरोबर राहणाऱ्या मुलांनाही सांग. 

मेधा

प्रेषक: सुनील

मेधाताई, पटलं. पर्यायी सोय म्हणून आपलंच नाव वापरतील हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. हॉलचं सेंटरचा निर्णय होईपर्यंत बाजूला ठेवू. आमच्या वॉर्डच्या तिन्ही काउन्सिलरांना मी आज लिहितो, त्यांच्या सर्जरीची, म्हणजे लोकांना भेटायची, वेळ कळली की इथे टाकतो, वर्षाताईंबरोबर मी येईन.

प्रेषक: वर्षा

मेधाताई, दोन्ही असेसमेंटची ईमेल काल रात्री पाठवली, पोच आली. मॅनेजरने सांगितलं की सेंटरला येणाऱ्या बऱ्याच घरांतून अजून एकही उत्तर गेलेलं नाहीये, बहुतेक गुजराती आणि तमिळ मंडळी आहेत, त्यांच्या मुलांपर्यंत पत्र पोचलं का तेही माहीत नाही. मी केअररना विचारून प्रत्येक पिशवीत वहीबरोबर एक चिठ्ठी ठेवणार आहे.

संक्रांतीच्या तिळगुळाच्या कार्यक्रमाला हॉलच्या मागच्या खोलीत एक टेबल लावू द्या अशी कमिटीला विनंती केलीय. कागदी फॉर्म मी लायब्ररीतून आणलेत. ओंकार लॅपटॉप घेऊन बसेल. ज्यांना वाचून दाखवावं लागेल त्यांच्यासाठी अजून दोघं हवेत, एकाला गुजराती येत असेल तर बरं. कोण येतंय?

वर्षा