घरच्या अंड्यांसाठी परसात चार-पाच कोंबड्या : खानदेशच्या उन्हात कसे जमवावे?

प्रश्न (चोपडा)

नमस्कार. आमच्या घरामागे निंबाचे मोठे झाड असलेली मोकळी जागा आहे. मुलांना ताजी अंडी मिळावीत एवढ्याच हेतूने तिथे चार-पाच कोंबड्या पाळण्याचा विचार आहे. विक्री करायची नाही. आपल्याकडच्या मे महिन्यात त्या तग धरतात का, आणि कोणती जात घ्यावी? म्हशींसाठी आणलेली सरकीची ढेप घरात नेहमीच असते, ती भिजवून घातली तर चालेल का? शिवाय कोंबडा नसेल तर अंडी मिळणारच नाहीत, असे सासूबाई म्हणतात, ते खरे आहे का?

उत्तर (रावेर)

ताई, शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे: कोंबडा नसला तरी अंडी मिळतात, फक्त त्यांतून पिल्ले निघत नाहीत.

माझ्या मते जातीचा विचार नंतर करावा, सावली आणि पाण्याचा आधी. कोंबडीला घाम येत नाही. चोच उघडी ठेवून धापा टाकणे हाच अंगातली उष्णता बाहेर टाकण्याचा तिचा मुख्य मार्ग आहे. सतत धापा टाकल्याने रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि कवच ज्या कॅल्शियम कार्बोनेटचे बनते, त्यासाठी लागणारा कार्बोनेट अपुरा पडतो. म्हणूनच पारा ४० अंशांच्या वर गेला की अंडी पातळ कवचाची येतात किंवा येणेच थांबते. निंबाची सावली ही आपली मोठी सोय आहे. खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे ऊन थेट आत येणार नाही. पत्र्यावर तुराट्यांचा किंवा पाचटाचा जाड थर द्या आणि वाऱ्याच्या बाजूला ओले गोणपाट टांगा. आपला उन्हाळा कोरडा असल्यामुळे ओल्या गोणपाटाने खरोखर गारवा येतो. पावसाळ्यात मात्र ते काढून टाकावे. पाणी मातीच्या परळात सावलीत ठेवून दुपारी एकदा तरी बदलावे. दाणा पहाटे आणि सायंकाळी घालावा, कारण पचनानेही अंगात उष्णता वाढते.

केवळ अंड्यांसाठी पाळायच्या असतील तर हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाची ‘ग्रामप्रिया’ मला योग्य वाटते. परसातही ती वर्षाला दीडशेच्या आसपास अंडी देते. गावठी कोंबडी त्याच्या निम्म्यानेच देते आणि मधूनमधून खुडूक बसते (अंडी देणे थांबवून उबवायला बसते), परंतु ती काटक असते आणि मांजर, मुंगूस यांच्यापासून स्वतःला जास्त सांभाळते. पिल्लांना ऊब देण्याची खटपट नको असेल तर चार-पाच महिन्यांच्या तलंगाच (अंड्यावर येऊ घातलेल्या तरुण कोंबड्या) घ्याव्यात.

उत्तर (धुळे)

ढेपेविषयी कळकळीने सांगतो: सरकीची ढेप कोंबड्यांना घालू नका. सरकीत गॉसिपॉल नावाचे द्रव्य असते. ढेप गुरांना मानवते, परंतु कोंबडीने खाल्ली की अंड्यातला बलक, विशेषतः अंडी काही दिवस साठवल्यावर, हिरवट-तपकिरी पडतो. सरकीच्या तेलातील काही घटकांमुळे पांढरा भागही गुलाबी होतो. अंडी देणाऱ्या कोंबडीला दिवसाला साधारण १०० ते १२० ग्रॅम खाद्य लागते. मका, ज्वारी किंवा बाजरीचा भरडा, प्रथिनांसाठी सोयाबीनची पेंड आणि घरचा भाजीपाला यांत ते भागते. भुईमुगाची पेंड अथवा मका ओला, बुरशी आलेला असेल तर तो फेकून द्यावा, कारण बुरशीचे विष यकृत बिघडवते. शिंपल्यांची भरड सायंकाळी वेगळ्या भांड्यात ठेवावी. कवच मुख्यतः रात्रीच तयार होते, त्यामुळे ती त्या वेळी उपयोगी पडते.

उत्तर (नंदुरबार)

वरील दोघांनी लसीकरणाचा उल्लेख केलेला नाही, म्हणून लिहितो. आपल्या भागात परसातल्या कोंबड्या प्रामुख्याने मानमोडीने (राणीखेत रोगाने) जातात, आणि ती आली की दोन-तीन दिवसांत खुराडे रिकामे होते. पिल्लू आठवड्याचे होण्याच्या सुमारास लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत, चौथ्या आठवड्याच्या सुमारास तीच लस पुन्हा, आणि पिल्लू आठ आठवड्यांचे झाल्यावर आर-टू-बी ही त्याच रोगाची दुसरी लस टोचून घ्यावी. तलंगा विकत घेताना हे झाले आहे का, हे अवश्य विचारावे. एका कुपीत पुष्कळ कोंबड्यांना पुरेल एवढी लस असते आणि ती विरघळवल्यावर टिकत नाही, म्हणून गल्लीतल्या चार घरांनी मिळून एकाच दिवशी लस घ्यावी. कुपी बर्फातूनच आणावी.

आमच्या जिल्ह्यातील नवापूर येथे फेब्रुवारी २००६ मध्ये देशात प्रथमच कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू आढळला आणि २०२१ मध्ये तो तिथे पुन्हा आला, म्हणून एक विनंती आहे. एकाएकी एकाहून अधिक कोंबड्या मेल्या तर त्या सोलू नयेत, उकिरड्यावर टाकू नयेत. मुलांना दूर ठेवून जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला त्याच दिवशी कळवावे.